अफवा कुणाच्या सोयीची, तेही बघा

नमस्कार,

गेल्या पोस्टखाली ‘एक कोल्हापूरकर’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ऐसपैस आहे, रागात आहे आणि पोस्ट शेवटपर्यंत वाचून लिहिलेली आहे. त्यामुळे ‘धन्यवाद, वाचत राहा’ म्हणून सुटका करून घेता येत नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी गोषवारा देतो. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या विश्वमालिकेत, २०२७ ला कोण कुठल्या टीमकडे जाणार याचे पतंग उडवणं हे चहाच्या टपरीवरचं काम, ब्लॉगवर शर्यतीबद्दल लिहा. हे रायडर म्हणजे आपल्याकडचे आयाराम-गयाराम. मार्केझने मार्टिनच्या ताटातला घास पळवला आणि तुम्ही त्याला हुशारी म्हणता. केटीएम कंपनी मोटोजीपी सोडणार म्हणून आम्हाला घाबरवलंत, सोडलं का? आणि जाता जाता एक प्रश्न: वर्ल्ड सुपरबाइक या दुसऱ्या मालिकेतून आलेला तोप्राक एवढा भारी, तर त्याला प्रामाकसारख्या दुय्यम टीममध्ये का ढकललं?

टपरीचा राग नाही आला. पत्रकार परिषदेत जे बोलतात त्यापेक्षा टपरीवर पुष्कळदा खरं बोललं जातं. पण शर्यत वेगळी आणि ‘कोण कुठे जाणार’ वेगळं, ही तुमची वाटणीच मला पटत नाही. व्हॅलेंतिनो रॉसीने यामाहावर चार विश्वविजेतेपदं मिळवली आणि २०११ ला तो डुकाटीकडे गेला. दोन हंगामांत विजय शून्य, पोडियम (पहिल्या तिघांत येणं) तीन. २०१३ ला यामाहावर परत आला आणि त्याच वर्षी आसेनला जिंकला. मधली दोन वर्षं हा माणूस गाडी चालवायला विसरला होता का? ती दोन वर्षं त्याने कुठल्या वळणावर घालवली नाहीत, सही करतानाच घालवली होती. मग त्या सहीबद्दल लिहायचं नाही आणि त्याच्या दहाव्या नंबराबद्दल तेवढं लिहायचं, हे कसं काय?

याहून बारीक उदाहरण होर्हे लोरेन्झोचं. तोही २०१७ ला यामाहा सोडून डुकाटीवर आला आणि पहिला हंगाम कोरडाच गेला. त्याची तक्रार एकच होती. जोरात ब्रेक लावला की सगळं अंग पुढे फेकलं जातं आणि भार हातांवर येतो. टाकीचा आकार असा की मांड्यांना कुठे टेकायला जागाच नाही, मग निम्म्या शर्यतीत हात संपतात. ही मागणी किती क्षुल्लक वाटते बघा! टाकीला थोडा वाढीव भाग जोडून द्या, बस. तो तुकडा त्याला मिळाला २०१८ च्या मुजेलोला, म्हणजे इटलीतल्या शर्यतीला. ३ जूनच्या रविवारी तो तिथे जिंकला, पुढची बार्सिलोना जिंकला, मग ऑस्ट्रियाही. पण ६ जूनच्या बुधवारी होंडाने जाहीर करून टाकलं होतं की २०१९ पासून लोरेन्झो आमचा. त्याआधी जो तो लिहीत होता की तो यामाहाच्या सॅटेलाइट टीममध्ये (कंपनीच्या गाड्या घेऊन धावणाऱ्या बाहेरच्या टीममध्ये) जाणार. होंडाचं नाव कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अफवा फसतात हा तुमचा मुद्दा इथे पूर्ण लागू पडतो, तेवढा घ्या. पण ती का फसली? ज्यांना माहीत नव्हतं ते बोलत होते आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पुढे होंडावर लोरेन्झोचा सगळ्यात चांगला निकाल अकरावा. आसेनला मणके मोडले आणि वर्षाअखेर निवृत्ती. डुकाटीत त्याची रिकामी जागा घेतलेला पेत्रुच्ची २०१९ ला त्याच मुजेलोत जिंकला. टाकीचा तो तुकडा महिना-दीड महिना आधी आला असता तर ही सगळी माणसं कुठे असती, याचा विचार करायला मला तरी आवडतं. तुम्हाला नसेल आवडत.

आता मार्टिनचा घास. २०२४ ची गोष्ट, पुन्हा मुजेलोच. (करारांच्या भानगडींत मुजेलोचा हात कुणी धरू शकत नाही.) डुकाटीच्या फॅक्टरी टीममध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीममध्ये, बान्यायाशेजारची एक जागा भरायची होती. त्या जागेवर बास्तियानिनी बसलेलाच होता, बाहेर डुकाटीच्याच दोन सॅटेलाइट टीममधले, प्रामाकचा मार्टिन आणि ग्रेसिनीचा मार्केझ उभे. मार्टिनचंच ठरलंय अशी हवा होती. डुकाटीचा हिशेबही कागदावर सरळ दिसत होता: मार्टिनला वर घ्या, त्याची प्रामाकमधली जागा मार्केझला द्या, गाडी तीच आणि ताजी. सगळे खूश.

गुरुवारी मार्केझने पत्रकारांसमोर सांगून टाकलं की प्रामाकला मी जाणार नाही. बास. हिशेबातला एक आकडाच त्याने खोडला. तो गेलाच तर दुसऱ्या कंपनीत जाणार आणि सहा विजेतेपदांचा माणूस आपल्याविरुद्ध चालवणार, हे डुकाटीला लख्ख दिसलं. शनिवार-रविवार त्यांनी विचार केला. रविवारी शेवटच्या वळणावर बास्तियानिनीने मार्टिनकडून दुसरा नंबर हिसकावला, पण तोवर बास्तियानिनीकडे कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. सोमवारी तिथेच चाचणी होती. त्या संध्याकाळी बातमी आली, मार्टिन अप्रिलियाकडे. अलेइश एस्पार्गारोने थोड्याच दिवसांपूर्वी निवृत्ती जाहीर केल्याने तिथली खुर्ची मोकळी होती. बुधवारी डुकाटीने मार्केझचं नाव जाहीर केलं. महिना संपायच्या आत वीस वर्षं डुकाटीबरोबर असलेली प्रामाक टीमही यामाहाकडे गेली.

यात ताटातला घास कुणी कुणाचा पळवला? जागा डुकाटीची, निर्णय डुकाटीचा. मार्केझने स्वतःपुरतं ‘नाही’ म्हटलं आणि ते अशा दिवशी, अशा लोकांसमोर म्हटलं की ते ऐकू गेलंच पाहिजे. मी त्याला हुशारी म्हणालो, अजूनही म्हणतो. मार्टिनने त्याच प्रामाक डुकाटीवर २०२४ चं विजेतेपद दहा गुणांनी घेतलं आणि १ नंबरची पाटी घेऊन तो अप्रिलियाकडे गेला. मार्केझने २०२५ चं विजेतेपद पाच शर्यती बाकी असताना मोतेगीला संपवलं. खरं नुकसान झालं ते ज्याचं नाव त्या आठवड्यात सगळ्यात कमी घेतलं गेलं त्याचं. बास्तियानिनीला वर्षाअखेर चौथा येऊनही घर बदलावं लागलं, केटीएमच्या टेक थ्री टीममध्ये. या बाजारात अफवेचा त्रास होतो हे खरं, पण आपल्याबद्दल अफवाच नसणं हे त्याहून वाईट लक्षण असतं.

आयाराम-गयाराम म्हणालात त्यावर मात्र मला भांडायचंच आहे. आपला नेता पक्ष बदलतो तेव्हा तुमचं-माझं मत खिशात घालून जातो. रायडर काय नेतो? हेल्मेट, आपला नंबर आणि जमलं तर एखाद-दुसरा मेकॅनिक. आणि निष्ठेचा हिशेब मांडायचाच तर दोन्ही वह्या उघडा.

२०२५ चा उन्हाळा आठवा. मार्टिनच्या करारात एक कलम होतं, पहिल्या सहा शर्यतींनंतर ठरावीक परिस्थिती असेल तर वर्षाअखेर त्याला सुटता येईल असं. सेपांगच्या चाचणीत पडला, सराव करताना पुन्हा पडला, कतारला परतला तर तिथे फासळ्या मोडून फुप्फुसापर्यंत इजा. एवढ्या अवस्थेत त्याने ‘कलम वापरतो’ असं जाहीर केलं आणि होंडाचं नाव आलं. मग काय, कृतघ्न, पळपुटा, सगळं ऐकून घेतलं त्याने. अप्रिलियाचे मासिमो रिवोला ठाम राहिले, की करार २०२६ पर्यंत आहे. जुलैत बर्नोला मार्टिनने थांबतोय म्हणून सांगितलं आणि विषय मिटला. आता त्याच उन्हाळ्यातली दुसरी वही. प्रामाक यामाहाचा मिगेल ओलिवेरा. त्याचाही करार २०२६ पर्यंतचा. पण कामगिरीच्या अटीवर यामाहाला त्याला मोकळं करता येत होतं, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. अर्जेंटिनात दुसऱ्याच्या धडकेत त्याचा खांदा गेला, तीन शर्यती हुकल्या, गुण मागे पडले. तोप्राकसाठी जागा करायची होती, मिलरला ठेवलं, ओलिवेराला नारळ दिला. कृतघ्न कंपनी म्हणून कुणी ओरडलेलं तुम्ही ऐकलंत? मी नाही ऐकलं.

सुझुकीचं तर बोलायलाच नको. मालिकेशी करार २०२६ पर्यंतचा. २०२० चा विश्वविजेता जोआन मिर त्यांच्या गाडीवर. मे २०२२ मध्ये हेरेझच्या शर्यतीनंतर सोमवारी चाचणी चालली असताना बातमी फुटली, की कंपनी वर्षाअखेर गाशा गुंडाळतेय. मेकॅनिकपासून रायडरपर्यंत सगळे एका दिवसात नोकरी शोधायला लागले. अॅलेक्स रिन्सने त्या गाडीवर हंगामातली शेवटची शर्यत जिंकून दिली, तरी कंपनी गेली ती गेलीच. मिरचा क्रू चीफ (त्याच्या गाडीच्या मेकॅनिकांचा प्रमुख) असलेला फ्रँकी कार्चेदी तिथून ग्रेसिनीत पोचला. वर्षभराने त्याच ग्रेसिनीत मार्केझ आला आणि त्याच्या गॅरेजमध्ये हाच कार्चेदी उभा होता. सुझुकी सुटली नसती तर मार्केझला तो भेटलाही नसता.

आणि मार्केझचं होंडाला सोडणं. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला आपल्याकडे शर्यत झाली तेव्हा हीच कुजबुज सगळीकडे चालू होती. शनिवारी स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या शर्यतीत, तो त्या खुळखुळ्या होंडावर तिसरा आला. पुढच्या रविवारी होंडाच्या स्वतःच्या मोतेगी ट्रॅकवर, पावसात, पुन्हा तिसरा. तीन दिवसांनी जाहीर झालं की एक वर्ष आधीच करार संपवतोय. नोव्हेंबरात व्हॅलेन्सियाच्या चाचणीला तो पहिल्यांदा डुकाटीवर बसला. करार अजून होंडाशी असल्याने तोंड उघडायला बंदी होती. काही फेऱ्या मारून गॅरेजमध्ये आला आणि हेल्मेट काढताना गालातल्या गालात हसला, कॅमेऱ्याने नेमकं टिपलं. त्या वर्षी यापेक्षा बोलकी मुलाखत कुणी दिली नाही.

राहता राहिली केटीएम. ‘सोडलं का?’ असं खिजवून विचारलंत. नाही सोडलं. पण अफवा हवेतली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या मातिगहोफेनच्या या कंपनीने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अर्ज केला. धनकोंच्या एका संघटनेच्या निवेदनात मोटोजीपीतून बाहेर पडण्याचा उल्लेख छापला गेला. कंपनी म्हणत राहिली की आम्ही २०२५ ला उभे राहणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: धनकोला ऐकवायचं की खर्च कापतोय आणि प्रायोजकाला ऐकवायचं की कुठे जात नाही. फेब्रुवारीत धनकोंनी येण्यापैकी तीस टक्क्यांवर तडजोड मान्य केली, आणि ते पैसे उभे करून देणारी कंपनी आकुर्डीची, आपली बजाज. चाकणला केटीएमच्या गाड्या ती वर्षानुवर्षं बनवतेच आहे. २०२५ संपायच्या आत मालकीचा ताबाही तिच्याकडे आला. म्हणजे मोटोजीपीच्या ग्रिडवर चार गाड्या राहणार की नाही, यात आता पुण्याचं मत लागतं. हे मी लिहायचं नाही तर कोणी लिहायचं? म्हणून केटीएमच्या पेड्रो अकोस्टाचं नाव डुकाटीशी जोडलेलं दिसलं की मी आधी बजाजची बातमी शोधतो, मग बोलोन्याची, म्हणजे डुकाटीच्या गावची.

शेवटी तोप्राक. प्रामाक दुय्यम ही समजूत जुनी आहे. यामाहाकडून तिला फॅक्टरी टीमच्याच दर्जाची गाडी मिळते. आणि २०२७ ला काय काय बदलतंय ते बघा. इंजिन १००० ऐवजी ८५० सीसी, शर्यतीत गाडीची उंची खाली-वर करणारी यंत्रणा बंद, टायर मिशेलिनऐवजी पिरेली. वर्ल्ड सुपरबाइकमध्ये २००४ पासून सगळे पिरेलीवरच धावतात. तोप्राकची तिन्ही विजेतेपदं त्या टायरवरची आहेत, एक यामाहावर आणि दोन बीएमडब्ल्यूवर. मागच्या चाकावर ताठ उभी राहिल्यासारखी गाडी ब्रेक करणारा तो, माफ करा, पुढच्या चाकावर. मागचं तर हवेतच असतं. २०२६ मध्ये त्याला अनोळखी मिशेलिन शिकायचे आहेत, ते पुढच्या वर्षी निघून जाणार आहेत. त्यामुळे या हंगामातले त्याचे नंबर बघून त्याला मोडीत काढू नका, यामाहाने त्याला या हंगामासाठी घेतलेलंच नाही.