गुडघ्यांना कान नसतात: बेसच्या आवाजाबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात एका पोराचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. "काका, माझं दोन दहा-इंची स्पीकरांचं कॅबिनेट विकायला काढू का?" आणि खाली तो फॉरवर्ड चिकटवलेला. हा फॉरवर्ड वर्षातून दोनदा तरी फिरून माझ्याकडे येतो, कधी मजकूर म्हणून, कधी रील म्हणून. सार असं: बेसला 15 इंची स्पीकरच लागतो, 10 इंचीतून नुसती ट्रेबल येते. बेसची लाट 8 मीटर लांब असते, म्हणून आवाज अ‍ॅम्पपासून 8 मीटरवर गेल्यावरच 'तयार' होतो. ट्यूबचे (जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे) 300 वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे 1000. पेडल (आवाज बदलणारी, पायानं दाबायची डबी) लावलं की खालचा सूर जातो, लावायचंच तर फक्त ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल सर्किटला वगळून सरळ पुढे सोडणारं. गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस वाजवला की अ‍ॅम्प जळतो. शेवटी हात जोडलेले, 'प्रत्येक बेसिस्टपर्यंत पोहोचवा'.

मी वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. रिसेप्शन, गणपती, जत्रा, एकदा तर साखर कारखान्याचा गळीत हंगाम. यातली निम्मी वाक्यं मी स्वतः छातीठोकपणे लोकांना सांगितली आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्यावर चिडायचा मला अधिकार नाही. पण या वाक्यांच्या नादानं पोरं चांगलं सामान विकून जड सामान घेतात, आणि स्टेजवर त्यांचा आवाज तरीही ऐकू येत नाही.

आधी 15 इंचाचं बघू. फेंडर या अमेरिकन कंपनीनं 1951 साली प्रिसिजन बेस ही गिटार काढली आणि 1952 साली त्याच्यासाठी बासमन अ‍ॅम्प. त्यात एकच 15 इंची स्पीकर होता. म्हणजे फॉरवर्डवाल्याचं म्हणणं बरोबर? थांबा. दोन-तीन वर्षांतच फेंडरनं त्याच बासमनमध्ये चार 10 इंची स्पीकर बसवले. पुढे 1969 साली अँपेग या कंपनीनं एसव्हीटी नावाचा बेसचा संच आणला. रॉकच्या मोठ्या स्टेजवर बेसिस्टच्या मागे फ्रिजएवढं काळं कपाट उभं असतं, ते याचंच. त्यात आठ स्पीकर, आठही 10 इंची. जगातलं सगळ्यात ओळखीचं बेस कॅबिनेट दहा-दहा इंचांचं आहे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे.

हिशेब शाळेतला आहे. स्पीकर हवा ढकलतो, आणि किती ढकलतो ते त्याच्या क्षेत्रफळावर आणि तो किती आतबाहेर होतो त्यावर ठरतं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं. एका 15 इंचीचे 225, चार 10 इंचींचे 400, आठांचे 800. चार छोटे मिळून एका मोठ्याच्या पावणेदोनपट भरतात. खालच्या सुरांचं काय, तर ते पेटी किती मोठी आहे, बंद आहे की भोक पाडलेली, स्पीकरची बांधणी कशी आहे, यावर ठरतं. व्यास हा त्यातला एकच आकडा. हलक्या पेटीतला 15 इंची चांगल्या पेटीतल्या 10 इंचीपुढे नुसता बुबुबु करत बसतो. असा एक मी विकतही घेतला होता. त्याबद्दल बोलायला नको.

आता खरी गंमत. एसव्हीटीच्या त्या कपाटाचा आवाज साधारण 58 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 58 कंपनांच्या) खाली उतरायला लागतो, आणि 40 च्या आसपास बराच पडलेला असतो. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा, म्हणजे मोकळ्या ईचा सूर आहे 41.2 हर्ट्झ. त्या तारेचा मूळ सूर हे कपाट धडपणे देतच नाही, तरी लोक म्हणतात, काय तो बेस!

हे कसं, ते समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, पट्टी काळी एक. खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झची. मोबाइलचा तो नखाएवढा स्पीकर दोनशेच्या खाली जवळजवळ मुका असतो. तरी खर्ज ऐकू येतो, त्यावर गाता येतं. कारण जवारीमुळे त्या तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूर भरभरून निघतात, आणि त्यांच्यातलं अंतर पकडून कान खालचा सा स्वतःच मांडतो. बेसचंही तेच. ईच्या पाठोपाठ 82, 124, 165 असे सूर येतात. बँडच्या कल्लोळात 'बेस वाजतोय' हे आपल्याला कळतं ते मुख्यतः या पायऱ्यांवरून.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. स्टेजवर बेस हरवतो तेव्हा बहुतेक वेळा कमी पडलेले असतात ते मधले सूर, खालचे नव्हे. मला हे कळलं ते एका गल्लीतल्या गणपतीत. घरी सराव करताना मी बेसचं बटण पूर्ण उजवीकडे, ट्रेबलचं पूर्ण उजवीकडे आणि मिड पूर्ण डावीकडे ठेवायचो. एकट्यानं वाजवताना स्वर्ग. शेजारच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. मांडवात मात्र ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड सुरू झाले आणि मी गायब. वाजवतोय, बोटं दुखताहेत, आवाज नाही. मी बेस आणखी वाढवला तर नुसता गोंगाट वाढला. मध्यंतरात साउंडवाले मामा तंबाखू मळत आले, काही न बोलता बेसचं बटण मधोमध आणलं, मिड घड्याळात तीन वाजल्यासारखं वर नेलं आणि निघून गेले. मी एक तार छेडली. आवाज अगदी पत्र्याच्या डब्यासारखा. मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण पुढचं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला गिटारवाल्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा.

मोटरहेड या रॉक बँडचा बेसिस्ट लेमी तर मार्शलच्या अ‍ॅम्पवर बेस शून्य, ट्रेबल शून्य आणि मिड पूर्ण ठेवून वाजवायचा. त्याचा बेस ऐकू आला नाही अशी तक्रार कुणी केल्याचं माझ्या कानावर नाही.

आठ मीटरच्या लाटेचा मुद्दा सगळ्यांत लोकप्रिय, कारण त्यात गणित आहे. गणित बरोबरही आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, भागिले 41.2, उत्तर 8.3 मीटर. चूक आहे ती 'तयार होतो' या शब्दांत. कान लाटेची लांबी मोजत नाही. कानापाशी हवेचा दाब वर-खाली होतो, तेवढंच त्याला कळतं. हेडफोन लावा. स्पीकर कानापासून दोन सेंटिमीटरवर, आणि ई व्यवस्थित ऐकू येते. लाटेला आठ मीटर धावायला जागा लागत असती तर हेडफोनवर बेस ऐकूच आला नसता, आणि काचा बंद केलेल्या गाडीत धडधडलाही नसता.

मग 'मला स्टेजवर ऐकू येत नाही पण शेवटच्या रांगेत घुमतंय' हा अनुभव खोटा का? मुळीच नाही, शंभरदा घेतलाय. कारणं वेगळी आहेत. पहिलं अगदी घरगुती. कॅबिनेट जमिनीवर असतं आणि आपण त्याला पाठ करून उभे असतो. वरचे आणि मधले सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, म्हणजे आपल्या गुडघ्यांवर. गुडघ्यांना कान नसतात. पाच-सात मीटरवरच्या माणसाच्या कानापर्यंत तो झोत पोहोचतो, म्हणून त्याला आपला आवाज आपल्याहून स्पष्ट लागतो.

दुसरं कारण भिंत. कॅबिनेटचं तोंड मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर मागे जाऊन परत येणारा आवाज दोन मीटर जास्त चालतो. 86 हर्ट्झच्या आसपासच्या सुराची ती बरोबर अर्धी लाट, म्हणून समोरून आणि मागून आलेला आवाज एकमेकांना खातात. डी तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (दांड्यावरच्या पट्टीचा) एफ वाजवा, तो मेल्यासारखा लागेल आणि शेजारचे सूर ठणठणीत. आपण तारेला दोष देतो. कॅबिनेट भिंतीला चिकटवलं की हा खड्डा बराच वरच्या सुरांकडे सरकतो आणि खालचे सूर भरतात. सभागृहात तर कोपरे आणि मागची भिंत खालचे सूर साठवतातच, म्हणून शेवटची रांग घुमते.

ही समजूत पसरायला माझ्या मते एक जुनं यंत्रही कारण आहे. साठच्या दशकाच्या शेवटी अकूस्टिक नावाच्या अमेरिकन कंपनीनं 360 हा अ‍ॅम्प काढला, 200 वॅटचा, ट्रान्झिस्टरचा. नामांकित बेसिस्ट जाको पास्टोरिअस तो वापरायचा. त्याच्या कॅबिनेटमध्ये 18 इंची स्पीकर मागे तोंड करून बसवलेला, आणि आवाज घडी घातलेल्या कर्ण्यातून वळसे घेत बाहेर यायचा. अशा पेटीजवळ उभ्या बेसिस्टला स्वतःचं कमी आणि लांबच्याला जास्त ऐकू येई. त्या एका पेटीचा अनुभव पुढे निसर्गनियम म्हणून खपला.

वॅटचं घ्या. वॅट हा वॅटच. किलोभर कापूस, किलोभर लोखंड. पण इथे फॉरवर्डमध्ये खऱ्याचा अंश सगळ्यांत जास्त आहे, म्हणून उडवून लावत नाही. ट्यूबच्या अ‍ॅम्पवरचा आकडा साधारणपणे आवाज स्वच्छ असेपर्यंतचा असतो. त्यापुढे रेटलं की ट्यूब हळूहळू वाकते, आघाताचं टोक गोल होतं, वरचे सूर वाढतात, आणि कानाला ते भरदार वाटतं. म्हणून माणूस 300 च्या अ‍ॅम्पला 300 च्या पुढे बिनधास्त पळवतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प हद्द आली की लाटेचं टोक कात्रीनं कापतो, ते कर्कश लागतं, मग आपण घाबरून बटण मागे घेतो. म्हणजे एक जण आकड्याच्या पुढे वाजवतो, दुसरा मागे. फरक वापरण्यातला आहे. आणि 300 आणि 1000 मधलं अंतर किती, तर साधारण 5 डेसिबल. वॅट दुप्पट केले की 3 डेसिबल मिळतात. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण 10 लागतात, म्हणजे वॅट दहापट. 3 डेसिबल जास्त देणारं कॅबिनेट घेतलं तर तोच अ‍ॅम्प दुप्पट वॅटचा झाल्यासारखा वाजतो, पण कॅबिनेटचा तो आकडा कुणी विचारत नाही.

वजन मात्र सगळ्यांना कळतं. एसव्हीटीचं नुसतं डोकं, म्हणजे स्पीकरशिवायचा भाग, 38 किलोच्या आसपास, कपाट साठच्या पुढे. आजचा 500 वॅटचा क्लास डी (हलक्या बांधणीचा ट्रान्झिस्टरचा) अ‍ॅम्प दोन-तीन किलोचा, पाठीवरच्या सॅकमध्ये बसतो. आपल्या नाट्यगृहांचे मागचे जिने ज्यांनी सामान घेऊन चढलेत त्यांच्याशी मी यावर वाद घालणार नाही. ट्यूबवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. स्पीकर न जोडता ट्यूबचा अ‍ॅम्प चालू करून वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरवाल्यांनी ओम (कॅबिनेटचा विजेला होणारा रोध) बघावेत. 8 ओमची दोन कॅबिनेटं जोडली की 4 होतात, तीन जोडली की त्याहून खाली, आणि मागे '4 ओम किमान' लिहिलेलं असेल तर तिसरं लावू नका.

पेडल. गिटारसाठी बनवलेल्या ओव्हरड्राइव्हवर (आवाज फाटका करणाऱ्या पेडलवर) बेस पातळ होतो, हे खरं. ट्यूब स्क्रीमर नावाच्या हिरव्या पेडलचं सर्किट सुमारे 720 हर्ट्झच्या वरचं जोरात वाढवतं, पूर्ण गेनवर शंभरपटीच्या घरात. खाली जावं तसतशी ही वाढ कमी होत जाते, आणि बेसच्या खालच्या भागाला त्यामानानं फारच थोडी मिळते. वर डोंगर उभा राहिला की सपाट जमीन खड्ड्यासारखी दिसते, तसं. उपाय म्हणजे ब्लेंडचं (मिसळण्याचं) बटण असलेलं बेसचं पेडल: निम्मा स्वच्छ, निम्मा फाटका. पण ट्रू बायपासनं खालचा सूर वाचतो हे साफ उलटं. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसची लांब केबल खाते ती वरचे सूर, खालचे नव्हे. पाच पेडलं ट्रू बायपासवर बंद ठेवली तर पुढची-मागची सगळ्या केबलचा भार बेसच्या पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी माइकवर) येतो आणि आवाज गोणपाट पांघरल्यासारखा होतो. तिथे एक चांगला बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) कामाचा.

गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस वाजवून अ‍ॅम्प जळत नाही. फाटतो तो स्पीकरचा कागद, तोही आवाज चढवला तर. घरी हळू आवाजात बिनधास्त वाजवा. बेसिस्ट कॅरोल केनं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत चार 10 इंचींच्या फेंडर सुपर रिव्हर्बवर बेस रेकॉर्ड केला, तो गिटारचाच अ‍ॅम्प. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसिस्ट जेम्स जेमरसनचा बेस तर सरळ मिक्सिंग कन्सोलमध्ये जायचा. फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या) तारा, त्याही तो बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट. या रेकॉर्डिंगांत 15 इंच कुठेच नाही.

पोराला एवढं सगळं लिहिलं नाही. म्हटलं, विकू नको. कॅबिनेटच्या पुढच्या कडेखाली एक वीट सरकव, म्हणजे तोंड वर तुझ्या कानाकडे होईल. बेस मधोमध, मिड तीनवर, आणि पूर्ण बँड वाजत असताना ठरव, एकट्यानं खोलीत नाही. परवा गॅदरिंगच्या तालमीनंतर त्याचा फोन आला. कीबोर्डवाली म्हणाली, आज तू जरा जास्तच वाजतोयस.