मागच्या खोलीत किती येतंय?

या आठवड्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच तीन मराठी घरांतून फोन आले. तिघांचा प्रश्न एकच: ‘तुमच्या आईंचा ऑनलाइन क्लास आता सुरळीत चालतो म्हणे, एक्स्टेंडर कुठल्या कंपनीचा घेतलात?’ एक्स्टेंडर म्हणजे राऊटरचं वाय-फाय लांबच्या खोलीपर्यंत पोचवणारं छोटं यंत्र. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे फरक कंपनीमुळे पडलेला नाही.

आमचं घर जनकगंजात, पणजोबांच्या वेळचं. पुढे बैठक, मधे चौक, मागे आईची खोली. भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, दीड हात जाडीच्या. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले तरी आईच्या खोलीत दुपारी नुसता पंखा पुरतो. ऊन अडवणारी ती भिंत नेटवर्कही तितक्याच इमानानं अडवते.

आई ७१ वर्षांची आहे. माधव संगीत महाविद्यालयात शिकली, तेच, १९१८ साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केलेलं. चाळीस वर्षं ती घरीच गाणं शिकवते. २०२० च्या टाळेबंदीत शिकवणी फोनवर गेली आणि मग तिथेच राहिली. झालं असं की लग्न होऊन पुण्याला, नागपूरला, एक तर थेट न्यू जर्सीला गेलेल्या तिच्या जुन्या शिष्या परत शिकायला लागल्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुटलेला यमन एकीनं जिथे सोडला होता तिथूनच उचलला. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही आलं होतं, ते मी विसरणार नाही. म्हणून नेट हा आमच्या घरी करमणुकीचा विषय नाही.

गल्लीत फायबर दोनदा आलं. दोन्ही वेळा केबल घरांच्या गच्च्यांवरून लोंबत आली, कधी माकडांनी ओढली, कधी खाली गटाराचं खोदकाम करताना तुटली. तक्रार केली की ‘दोन दिवसांत माणूस येईल’ हे उत्तर. तिसऱ्यांदा बंद पडलं ते पंधरा दिवस. शेवटी कनेक्शन काढून टाकलं आणि मोबाईल नेटवर्कवर चालणारा, सिम घालायचा राऊटर घेतला. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, तेव्हापासून अशा बिनतारी ब्रॉडबँडला चांगलाच जोर आला आहे आणि जुन्या वस्तीतल्या माणसाला ते वरदानच वाटतं. ना खोदकाम, ना केबल.

लावायला आलेल्या मुलानं राऊटर बैठकीतल्या कोनाड्यात ठेवला, कारण प्लग तिथे होता. तिथेच उभं राहून स्पीड टेस्ट केली. डाउनलोड ३८ एमबीपीएस, अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा वेग, ६. ‘बढ़िया चल रहा है’ म्हणाला, फोटो काढला, गेला. आईच्या खोलीत त्यानं पाऊलसुद्धा टाकलं नाही.

माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. कुठल्याही घरात बैठक पुढे असते. तिथे खिडक्या असतात, पाहुणे बसतात, टीव्ही असतो. म्हाताऱ्यांची खोली, स्वयंपाकघर, देवघर मागे. जोडणी पुढच्या खोलीत होते आणि मोजणीही पुढच्याच खोलीत. मागे जी माणसं राहतात त्यांनी फोन हातात घेऊन पुढे यायचं, चौकात उभं राहायचं, जिन्यावर बसायचं. आई दोन महिने तानपुरा पुढे आणून बैठकीत शिकवत होती. दाराशी भाजीवाला, रस्त्यावर हॉर्न, येणारे-जाणारे. तिनं एकदाही तक्रार केली नाही, आणि म्हणूनच माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. याचं मला फार वाईट वाटतं.

मग मी बाजारातून एक्स्टेंडर आणला आणि आधी आईच्या खोलीतच लावला. साहजिक वाटतं ना, जिथे नेट नाही तिथे यंत्र लावावं. पण जिथे काहीच पोचत नाही तिथे ते वाढवणार काय? एक्स्टेंडर स्वतः नेट तयार करत नाही. त्याला जे ऐकू येतं तेच तो पुढे सांगतो. मग चौकाच्या मधल्या खांबापाशी लावला. आईच्या फोनवर वाय-फायचे सगळे दांडे उभे राहिले. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये आवाज तुटायला लागला.

इथे नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच वाया जातात. फोनवर दिसणारे दांडे म्हणजे तुमच्या फोनचं आणि त्या एक्स्टेंडरचं नातं. एक्स्टेंडरला मागून काय मिळतंय, याबद्दल ते काही सांगत नाहीत. शिवाय स्वस्तातले एक्स्टेंडर राऊटरचं ऐकायला आणि तुम्हाला सांगायला एकच रेडिओ, एकच चॅनेल वापरतात. ऐकत असताना त्यांना बोलता येत नाही आणि बोलत असताना ऐकता येत नाही. त्यामुळे वेग सरळ निम्म्यावर येतो. मधे दगडी भिंत असली तर त्याहून खाली. आमच्याकडे दांडे पूर्ण, डाउनलोड ५ आणि अपलोड अर्ध्याच्याही खाली. शिकवणाऱ्याला अपलोड जास्त लागतो, हे कुणी सांगतच नाही. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो.

त्या सकाळी मी दारात उभा होतो. आई पुण्याच्या शिष्येला भूपातली एक मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, दाखवत होती, गंधारावरून रिषभावरून षड्जावर उतरणारी. पलीकडे पोचत होते फक्त तिचे दोन टोकांचे स्वर. मधलं सगळं गळालेलं. आणि मींड म्हणजे तर मधलंच सगळं. ती मुलगी तेच दोन तुटक स्वर गाऊन दाखवत होती. आईनं चार वेळा गायलं, पाचव्यांदा थांबली, फोन बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, ‘माझाच गळा आता नीट लागत नसेल. वय झालं.’

२०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून गौरवलं. त्याच शहरात एक गाणारी बाई भिंतीचा दोष स्वतःच्या गळ्यावर घेत होती. तो दिवस मी ऑफिसला गेलो नाही.

फोन आणि खडू घेऊन घरभर फिरलो. फोनमध्ये मोबाईल सिग्नलची ताकद आकड्यात दिसते, सिमच्या स्टेटसमध्ये किंवा एखाद्या फुकट अ‍ॅपवर. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० ते ९० असला तर काम उत्तम होतं, उणे ११० च्या पलीकडे गेला की हाल. आणि दर १० अंकांना ताकद दहापट बदलते, म्हणजे ही मोजपट्टी साधी नाही. प्रत्येक जागी मिनिटभर थांबून आकडा भिंतीवर खडूनं लिहिला. आईच्या खोलीत उणे ११३. बैठकीतल्या कोनाड्यात, जिथे राऊटर बसवला होता, उणे १०४. म्हणजे राऊटरलाच धड मिळत नव्हतं. आणि जिन्याच्या वळणावर, जिथे वीतभर रुंदीचा झरोका आहे, तिथे उणे ८६. आईच्या खोलीच्या मानानं पाचशेपट ताकद, घरातल्याच एका जागी, जिथे आम्ही फक्त झाडू ठेवत होतो.

बिनतारी नेटच्या दोन वाटा असतात. टॉवरपासून राऊटरपर्यंतची एक आणि राऊटरपासून तुमच्या फोनपर्यंतची दुसरी. एक्स्टेंडर फक्त दुसऱ्या वाटेवर काम करतो. पहिली वाट अडलेली असेल तर दहा एक्स्टेंडर लावा, काही होणार नाही. माझी कळकळीची विनंती आहे, यंत्र विकत घेण्याआधी घरातला झरोका शोधा. खिडकी, जिना, माळ्यावरचा कौलाखालचा कोपरा, कुठेतरी तो असतोच. लोखंडी कपाटामागे, आरशामागे, पाण्याच्या टाकीशेजारी राऊटर ठेवू नका. आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात घरातला राऊटर उघड्या गच्चीवर तर मुळीच नको.

राऊटर झरोक्यात गेला. तिथून पन्हाळीच्या कडेनं, चौकाला वळसा घालून आईच्या खोलीपर्यंत साधी कॅट-६ नेटवर्क केबल टाकली. तीस मीटरची तयार केबल आणि क्लिपा, हजाराच्या आत काम झालं. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याला पुरून उरते. आणि तोच एक्स्टेंडर, जो मी रागानं परत करायला निघालो होतो, त्याच्या खाली केबलचं एक छिद्र होतं. सेटिंगमध्ये जाऊन त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट केला. आता तो हवेतून ऐकत नाही, तारेतून घेतो आणि फक्त आईच्या खोलीत वाटतो. दांडे पहिल्याइतकेच, पण डाउनलोड ६० च्या आसपास आणि अपलोड ११. व्हिडिओ कॉलला दोन पुरतात.

राऊटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोन्हींना एकेक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलाय, कारण वीज गेली की नेट जायचं. त्याच्याशिवाय हे सगळं अर्धवट आहे.

गाणं शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या सगळ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. नेट सुधारल्यावरही पलीकडे तानपुरा ऐकू जात नव्हता. कॉलची अ‍ॅपं एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात, पंख्याचा पुसतात तसाच तानपुऱ्याचा. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे, ती चालू केली आणि न्यू जर्सीहून पहिलं वाक्य आलं, ‘बाई, जोड ऐकू येतेय!’ जोड म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा. मात्र आवाज जायला-यायला जो क्षणाचा उशीर लागतो, तो कितीही वेग घेतला तरी पूर्ण जात नाही. दोघींना एकत्र गाता येत नाही. आईनं त्यावर तिची रीत बसवली आहे. आधी ती एक आवर्तन गाते, समेवर थांबते, मग शिष्या. ताल ज्याचा त्यानं धरायचा.

एक नातेवाईक मला मोबाईल सिग्नलचा बूस्टर घ्यायला सांगत होते, छतावर अँटेना लावायचा, ऑनलाइन मिळतो तो. कृपा करून घेऊ नका. वाय-फायचा एक्स्टेंडर ही वेगळी गोष्ट आहे, तो कायदेशीर आहे. पण मोबाईल कंपनीचे सिग्नल परवानगीशिवाय उचलून पुन्हा फेकणारा असा बूस्टर, म्हणजे रिपीटर, आपल्याकडे बेकायदेशीर आहे, आणि त्यामुळे टॉवरच्या कामात अडथळा येतो. आपल्या एका खोलीसाठी अख्ख्या गल्लीचे फोन बिघडवायचे नाहीत. फोनवर नुसतं बोलायचीच अडचण असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, हल्लीच्या बहुतेक फोनांत ते असतं.

आणि मोबाईलचं नेट फायबरची जागा घेईल, असं मी म्हणत नाहीये. टॉवर सगळ्यांचा असतो. रात्री आठ ते दहा आमचाही वेग निम्म्याच्या खाली उतरतो, लग्नसराईत वरात गल्लीतून गेली की आईचा क्लास अजूनही अडखळतो. आमच्या गल्लीला फायबर मिळालंच पाहिजे, नीट, भिंतीच्या कडेनं नळीतून आणलेलं. २०२३ मध्ये सरकारनं ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, चांगलं केलं. पण ते दोन एमबीपीएस घरात नेमके कुठे मोजायचे? माझ्या मते मागच्या खोलीत. जोडणी करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं तिथला फोटो काढावा, आणि आपणही तिथला आकडा बघितल्याशिवाय सही करू नये.

‘जुनं घर आहे, विका आणि सिटी सेंटरकडे फ्लॅट घ्या, नेट छान येतं’ हा सल्लाही दोघांनी दिला. आईचा आवाज ज्या खोलीत चाळीस वर्षं घुमला, ती खोली मी तीस मीटर केबलीपायी सोडणार नाही.

पुण्या-बंगळुरूला असलेल्या आपल्या मुलांना मात्र मला मनापासून काही सांगायचंय. तुम्ही प्रेमानंच करता, ठाऊक आहे. ऑनलाइन यंत्र मागवता, आईला फोनवर सांगता, ‘फक्त प्लगमध्ये लाव, होईल.’ होत नाही. ती बिचारी लावते, दांडे दिसतात, मग तुटक बोलणं ऐकून तिला वाटतं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. दिवाळीला याल तेव्हा एक दुपार काढा. खडू घ्या, घरभर हिंडा, तिच्या खाटेपाशी बसून आकडा बघा. ती जिथे पोथी वाचते, जिथे भाजी निवडते, तिथे.

ज्या तिघांनी फोन केला त्यांच्याकडे मी येत्या रविवारी येतोय, जनकगंज, मग दौलतगंज, मग जिवाजीगंज असा. आणखी कुणाला घर मोजून हवं असेल तर खाली लिहा. आमच्याकडे बघायला यायचं असेल तर साडेदहानंतर या, तोवर आईचा क्लास असतो. सध्या पुण्याची शिष्या तीच मींड घोटतेय.