झाड आमच्या दिवाणखान्यात, पोटशूळ पुण्यात

डिसेंबर लागला की घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. ‘२५ डिसेंबरला मुलांना सँटा बनवू नका, तुळशीची पूजा करायला शिकवा.’ पाठवणारे माझे पुण्याचे चुलत दीर. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि मग भाऊजींची खास माझ्यासाठी पुरवणी: ‘परदेशातल्यांनी तर जास्तच लक्ष द्यायला हवं.’

तुळशीशी माझं काय वैर? माझ्या माहेरी तिला रोज पाणी घालत, कार्तिकात तिचं लग्न लावत. पण पंचवीस डिसेंबर गाठून आजीनं तिची पूजा केल्याचं मला आठवत नाही. आजीला त्या दिवशी कुणाला खिजवायचं नसावं. आणि तुळस इथे जर्मनीत, एर्लांगनमध्येही आहे बरं का. ऑक्टोबरपासून घरात, खिडकीपाशी. दर हिवाळ्यात मरते, दर उन्हाळ्यात मी नवी लावते. लेकाच्या कॉन्व्हेंटमधल्या प्रवेशासाठी ओळखी काढत फिरलेल्या भाऊजींनी मला संस्कार शिकवू नयेत.

आमच्याकडे नाताळ म्हणजे काय, तर पाच तारखेच्या रात्री पोरं बूट घासून दाराबाहेर ठेवतात, संत निकोलाउसनं ते खाऊनं भरावेत म्हणून. वर्षात तेवढ्या एकदाच ते बूट स्वच्छ होतात. आडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, मेणबत्त्या रविवारी एकेक वाढतात. रोज एक दार उघडून चॉकलेट काढायच्या कॅलेंडरवरून रोज सकाळी भांडण, कारण धाकट्यानं बारावं दार तीन तारखेलाच फोडलेलं असतं. किटात, म्हणजे पाळणाघरात, प्लेट्सशेन ही नाताळची बिस्किटं न्यायची पाळी आली की मी शंकरपाळे तळते; तिथल्या बाई दरवर्षी कृती मागतात, करत कुणीच नाही. चोवीसला संध्याकाळी क्रिस्टकिंड, म्हणजे भेटी आणणारा बाळ येशू, येऊन जातं. यात धर्म कुठे बुडाला ते मला दाखवा. तीन वर्षांच्या पोराला चॉकलेटच्या पलीकडे कसलंही धर्मशास्त्र नसतं.

‘हा आपला सण नाही’ असं तर खुद्द ख्रिश्चनांनीही म्हणून झालंय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. बूट भरणारा निकोलाउस हा आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप. त्याच्याकडून भेटींचं काम काढून क्रिस्टकिंडकडे सोपवल्याचं श्रेय मार्टिन ल्यूथरला देतात. आता इथले जुने लोक कुरकुरतात की अमेरिकेच्या वाटेनं आलेला लाल डगल्यातला म्हातारा क्रिस्टकिंडला हुसकावतोय. आणि ‘परक्यांचा’ म्हणताना भाऊजी वसई कशी विसरतात? तिथल्या कुपारी ख्रिस्ती घरांत नाताळाचा गोठा मांडणारी माणसं काय बोटीतून काल उतरली?

शेजारच्या न्यूर्नबर्गमध्ये दर दोन वर्षांनी एका तरुण मुलीला क्रिस्टकिंड म्हणून निवडतात. सोनेरी केसांचा टोप घालून ती नाताळचा बाजार सुरू करून देते. २०१९ मध्ये निवडली गेली ती न्यूर्नबर्गातच जन्मलेली, पण वडील भारतीय असलेली मुलगी. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेनं लगेच फेसबुकवर गळा काढला, की एक दिवस आपलीही गत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखी होणार. त्यावर लोक त्या शाखेवरच तुटून पडले. ही बातमी आमच्या ग्रुपवर तिरंग्यासकट फिरली होती. टाकली कुणी होती हे सांगायला हवं का? दुसऱ्यांच्या सणात आपली पोर मिरवली की छाती फुगते, आणि दुसऱ्यांचा सण आपल्या दिवाणखान्यात आला की संस्कार बुडतात. भाऊजींचा मेसेज जर्मनमध्ये केला तर त्या शाखेला एक शब्दही बदलावा लागणार नाही. तुळस तेवढी काढावी लागेल.

नाताळचं झाड मी पोरांसाठी आणते असं सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. चोवीसला दुपारी दोननंतर इथे दुकानं बंद, रस्त्यावर कुणी नाही, प्रत्येक घर आपल्या माणसांना आत घेऊन दार लावतं. एरवी वर्षभर मला कुणी परकी म्हणत नाही. त्या संध्याकाळी कुणी न म्हणताही कळतं. मुलं व्हायच्या आधी आम्ही दोघं खिचडी खाऊन, मराठी नाटकं बघत ती संध्याकाळ काढायचो आणि किती छान शांतता आहे म्हणून एकमेकांना पटवायचो. झाड आल्यापासून निदान हाताला काम असतं.

दिवाळीचं म्हणाल, तर लक्ष्मीपूजनाला ऑफिस. मोठे फटाके वर्षाच्या अखेरच्या दिवसांतच विकत मिळतात, त्यामुळे मुलीच्या लेखी फटाके सिल्व्हेस्टरचे, म्हणजे ३१ डिसेंबरचे. फराळ मी एकटी करते, आणि मंडळाची दिवाळी ज्या शनिवारी हॉल मिळेल त्या शनिवारी. नाताळाला मात्र किटा, बेकरी, शेजारीण, अख्खा देश माझ्या मदतीला धावतो. मुलीला जर्मन गाणी कडव्यांसकट पाठ आहेत. आरतीला ती टाळ्या वाजवत नुसते ओठ हलवते. तेव्हा मलाही त्या झाडाचा राग येतो. भाऊजींना हे कळलं तर केवढा आनंद होईल!

यंदा मी ग्रुपवर उत्तर दिलं: ‘भाऊजी, पुढच्या डिसेंबरात इकडे या, महिनाभर राहा, पोरांना आरती शिकवा. झोपायला झाडाशेजारचा सोफा देते.’ त्यांचं काही उत्तर आलं नाही. जाऊबाईंनी मात्र वेगळा मेसेज करून विचारलंय, तेव्हा तिकडे थंडी किती असते आणि न्यूर्नबर्गचा तो बाजार नक्की कधी सुरू होतो.