‘घाटात फक्त मागचा ब्रेक’ हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका

‘पहिल्या २०० किमी बीआरएमसाठी सात सुवर्णनियम’ या नावाचा एक मेसेज सध्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. (बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड.) खाली ना नाव, ना संदर्भ. फक्त ‘एका अनुभवी रायडरकडून’. पहिल्या २००ची तयारी करणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या तीन नवख्यांना तो आला, आणि त्यातल्या एकीने सरळ विचारलं, ‘मग घाटाआधी पुढचा ब्रेक ढिलाच करून ठेवू का?’ एवढ्यावर गप्प बसणं शक्य नाही. सातही नियम सारखे वाईट नाहीत, पण चौथा हाडं मोडणारा आहे. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

नियम ४ : ‘घाट उतरताना फक्त मागचा ब्रेक वापरा. पुढचा दाबला की सायकल उलटते.’

कुठलाही ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं झालेलं चाक रस्ता धरत नाही, ते लॉक होऊन फरफटतं. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच मागचा ब्रेक सर्वांत दुबळा असतो.

हिशेब करून पाहा. रोड बाइकवर बसलेल्या माणसाचा आणि सायकलचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १२० सेंमी उंच, आणि पुढचं चाक जिथे टेकतं तिथून साधारण ६० सेंमी मागे असतो. ६० भागिले १२०, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वेग कमी करेपर्यंत मागचं चाक उचललं जात नाही. नुसत्या मागच्या ब्रेकने कोरड्या डांबरावरसुद्धा त्याच्या निम्माच जोर मिळतो. ताशी ४० किमी वेगावरून सपाट रस्त्यावर थांबायला पुढचा ब्रेकही नीट वापरणाऱ्याला १२-१३ मीटर लागतात, नुसता मागचा वापरणाऱ्याला २५. सात टक्के उतारावर हेच अंतर १५ विरुद्ध ३५ मीटर होतं. दचकून लिव्हरपर्यंत बोटं जायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. पसरणी घाटात वळणापलीकडे एसटी उभी असेल तर मधले हे २० मीटर आणायचे कुठून?

दुसरं नुकसान उष्णतेचं. सायकल आणि रायडर मिळून ८० किलो, आणि घाट ५०० मीटर उंचीचा, तर खाली येताना सुमारे ३९० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही भाग वारा घेतो, उरलेली ब्रेकमध्ये जाते, आणि जितकं हळू उतराल तितकी ब्रेकमध्ये जास्त. ती सगळी एकाच रिमवर (चाकाच्या कड्यावर), तीही ब्रेक सतत घासत ठेवून ओतली, तर रिम तापते, आत हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटू शकते. कार्बन रिमला तर कायमची इजा होते. डिस्क ब्रेक असेल तर पॅड तापून गुळगुळीत, चकचकीत होतात आणि पकड जाते. उपाय साधा आहे: दोन्ही ब्रेक, वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचे, म्हणजे मधल्या वेळात वारा रिम थंड करतो.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. पुढच्या ब्रेकने लोक उलटतात, हे खरंच. पण ते कसे उलटतात? हात ताठ, अंग पुढे, आणि घाबरून लिव्हर एकदम आवळलेली. सायकल थांबते, पण अंग थांबत नाही. यावर इलाज ब्रेक सोडून देणं नाही, तो दाबायला शिकणं हा आहे. मोकळ्या पटांगणात अर्धा तास पुरतो:

आधी कुठली लिव्हर कुठल्या चाकाची ते पाहा. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर उजवी लिव्हर पुढची असते, पण बाहेरून आलेल्या सायकलींवर उलटं निघू शकतं. मग ताशी १५ किमी वेग घ्या. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), कोपरं वाकलेली, पेडल आडवी, टाचा खाली, बूड सीटच्या मागच्या कडेकडे. दोन्ही लिव्हर हळूहळू, मनात एक-दोन म्हणत आवळा. मागचं चाक घसरायला लागलं की ती खूण समजा: भार पुढे गेला आहे, पुढची लिव्हर किंचित सैल करा. असं वीस वेळा करा, मग २५ किमी वेगाने पुन्हा वीस वेळा. घाटाआधी एवढं झालंच पाहिजे.

वळणात सायकल कललेली असताना, वाळू-खडीवर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचा ब्रेक मात्र सोडा. तिथे उलटण्याआधी पुढचं चाक घसरतं, आणि ते घसरलं की सावरता येत नाही. ताम्हिणीच्या पावसात रिम ब्रेक असेल तर गरजेच्या थोडं आधी पॅड हलके टेकवा, पाणी पुसलं गेल्यावरच पकड येते. आणि लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घेतल्याशिवाय घाटात जाऊच नका.

नियम ५ : ‘तहान लागण्याची वाट पाहू नका. दर तासाला किमान एक लिटर साधं पाणी प्याच.’

हा दुसरा घातक नियम, आणि चांगुलपणाचा आव आणून येणारा. बोस्टन मॅरेथॉन २००२ मध्ये ४८८ धावपटूंचं शर्यत संपताच रक्त तपासलं गेलं. तो अभ्यास २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. १३ टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोल किंवा त्याखाली, म्हणजे हवं त्यापेक्षा कमी होतं, आणि तिघांचं १२० किंवा त्याखाली, म्हणजे जिवावर बेतण्याइतकं. सर्वांत ठळक संबंध कशाशी निघाला? शर्यतीत वजन वाढण्याशी. म्हणजे घामाने गेलं त्यापेक्षा जास्त पिण्याशी. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक होता, आणि २०० किमी करणारा हौशी रायडर तर दहा-बारा तास रस्त्यावर असतो. साधं पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे ‘मी इलेक्ट्रोलाइट घालून पितो’ म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही हे वाचावं.

मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी कमी पडणं हाही खरा धोका आहे, ते नाकारत नाही. पण एक लिटर हा आकडा सगळ्यांना लागू कसा? आपला आकडा काढा. तासभराच्या राइडआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. ६०० ग्रॅम घटलं आणि मध्ये ५०० मिली प्यायलात, तर त्या हवेत तुमचा घाम तासाला १.१ लिटर. कुणाचा अर्धाच निघेल. थोडं वजन घटणं चालतं, वाढणं अजिबात नाही. राइडमध्ये डोकं दुखतंय, मळमळतंय, अंगठी घट्ट झाली आहे, बोलणं असंबद्ध होतंय आणि बाटल्या तर रिकाम्या होत आल्यात, अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

बाकीचे नियम

पहिला : ‘टायरवर लिहिलेला जास्तीत जास्त पीएसआय भरा.’ (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप.) तो आकडा टायरची मर्यादा सांगतो, तुमची गरज नाही. ७० किलोच्या रायडरला ट्यूब असलेल्या २८ मिमी टायरमध्ये मागे ७५-८० आणि पुढे ६५-७० पुरे. त्याहून कडक केलं तर खडबडीत डांबरावर चाक उड्या मारतं, पकड जाते, मनगटं बधिर होतात. फार कमी ठेवली तर मात्र खड्ड्यात ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात.

दुसरा : ‘सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत.’ अशाने गुडघ्याची पुढची बाजू दुखणारच. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा, ही सुरुवातीची उंची. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं.

तिसरा : ‘जड गिअरने पाय बनतात, हलका गिअर कमकुवतांसाठी.’ पुढे पेडलपाशी ३४ दात्यांची चेनरिंग आणि मागे ३२ दात्यांचं चक्र असेल तर मिनिटाला ७० फेऱ्यांनी ताशी साडेनऊ किमीच्या आसपास वेग मिळतो. त्याच वेगाला मागे २५ ठेवला तर फेऱ्या ५५ वर येतात आणि प्रत्येक फेरीचा भार गुडघा सोसतो. १५० किमीनंतर याचं उत्तर गुडघाच देतो.

सहावा : ‘भूक लागण्याआधी, पहिल्या तासापासून खा.’ हा बरोबर आहे, नाइलाजाने का होईना मान्य. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साधारण दोन केळी.

सातवा : ‘सुरुवातीलाच जोर लावून वेळ शिल्लक टाका.’ २०० किमीला साडेतेरा तास असतात. थांबे धरून सरासरी ताशी १५ किमीसुद्धा पडत नाही. पहिल्या ५० किमीत धापा टाकून वाचवलेली वीस मिनिटं शेवटच्या ५० मध्ये तासभर होऊन परत जातात. आणि घाट सावकाश, दोन्ही ब्रेक वापरून उतरायला पाच मिनिटं जास्त लागली, तरी कंट्रोल (वाटेतला, ठरलेल्या वेळेत गाठायचा तपासणी-थांबा) बंद होत नाही.