नाव बदलायचं म्हटलं की झाली रडारड सुरू!

सूझे कंपनीने 2024 च्या जुलैमध्ये ओपनसूझे या लिनक्स डिस्ट्रोला (लिनक्सवर बांधलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला) नाव बदलायची विनंती केली. तेव्हापासून विषय निघाला रे निघाला की तेच: "संपलं, दुसरी डिस्ट्रो शोधा!" अहो, पॅकेजं बसवणारा झिपर तोच, सिस्टिम आधीच्या स्थितीत नेणारे स्नॅपशॉट तेच, नावाने पॅकेजं थोडीच बदलतात?

मोडतं ते भलतंच, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. ओपनसूझेच्याच लीप 42.3 या आवृत्तीत, सिस्टिमची ओळख सांगणाऱ्या ओएस-रिलीज फाइलीत, आयडी 'ओपनसूझे' होता. त्यापुढच्या लीप 15 मध्ये तो 'ओपनसूझे-लीप' झाला, आणि नेमका जुनाच शब्द तपासणाऱ्या स्क्रिप्टना सिस्टिम ओळखताच येईना. दोन्हींच्या आयडी-लाइक ओळीत (सिस्टिम कोणत्या कुळातली ते सांगणाऱ्या) 'सूझे' आहेच, ते तपासा ना! लोगोवर भांडायला वेळ आहे, स्क्रिप्टमधली एक ओळ सुधारायला नाही?