युद्धपट, डोळ्यांतलं पाणी आणि ‘ताटात वाढून मिळालेला’ गोवा

नवा युद्धपट थिएटरात लागला की आमच्याकडे व्हॉट्सॲपवर एक जुनाच मजकूर थोडा बदलून परत येतो. वाड्याच्या ग्रुपवर, देवस्थानच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. ‘युद्धपट पाहताना ज्याचे डोळे भरून येत नाहीत त्याच्या रक्तात देश नाही. पडद्यावर दाखवतात तोच खरा इतिहास, पुस्तकांनी तो लपवला. या चित्रपटांत राजकारण नसतं, ते शोधणाऱ्यांच्या डोक्यात असतं. शत्रूचं दुःख दाखवणारे आणि प्रश्न विचारणारे जवानांचा अपमान करतात. गोंयकारांना हे कळायचं नाही, त्यांना स्वातंत्र्य एकही गोळी न झाडता ताटात वाढून मिळालं. खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा.’

पाठवणारे कोणी परके नाहीत. ज्यांच्या घरी चतुर्थीला आरतीला जायचं, त्यांनीच हे पाठवलेलं असतं. म्हणून नुसतं पुसून टाकणं मला पटत नाही.

गोंयकारांबद्दलचं वाक्य आधी घेते, कारण ते सरळसरळ खोटं आहे आणि गोव्यात राहणाऱ्या माणसांनी ते पुढे पाठवावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे ‘ऑपरेशन विजय’, म्हणजे पोर्तुगीजांकडून गोवा सोडवायची भारतीय सैन्याची मोहीम, सुरू झाली ती गोळीबारातच. अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे ७ जण मारले गेले. ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका मुरगावच्या पाण्यात आपल्या नौकांशी लढली आणि शेवटी बांबोळीच्या किनाऱ्याजवळ रुतली. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले. १९ तारखेला, म्हणजे ज्या दिवसाला आपण मुक्तिदिन म्हणतो त्याच दिवशी, आग्वाद किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथे मारले गेले. भारताचे एकूण २२ जवान या मोहिमेत गेले. आग्वादला आपण पावसाळ्यात पाहुण्यांना समुद्र दाखवायला नेतो. ही दोन नावं किती जणांना ठाऊक आहेत?

आणि हे फक्त शेवटच्या दीड दिवसाचं झालं. त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत आले तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हद्दीवरच्या पत्रादेवीला गोळी लागून पडलेल्या करनैल सिंगला गोवा कुठे लागतो हे नकाशात बघावं लागलं असेल, इतक्या दूरवरून, पंजाबातून तो आला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलिसांच्या छळात मेले. सावईवेऱ्याच्या शाळेत शिकवणारे मोहन रानडे बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले, आणि गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. मुक्तीनंतर ७ वर्षांनी! याला ‘ताटात वाढून मिळालं’ म्हणायचं असेल तर त्या ताटाची किंमत कोणी मोजली हे तरी लिहा.

आता ‘पडद्यावर दाखवतात तोच खरा इतिहास’. ‘बॉर्डर’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे, आणि तो ज्या लोंगेवालाच्या लढाईवर आहे ती १९७१ च्या ४ आणि ५ डिसेंबरमधल्या रात्रीची लढाई खरोखरच थक्क करणारी आहे. मेजर कुलदीप सिंग चांदपुरी यांच्या हाताखाली सुमारे १२० माणसं होती आणि समोरून रणगाड्यांची रांग येत होती. माघार घ्यायची मुभा असूनही ते थांबले. रात्री विमानं उडवता येत नव्हती, म्हणून ती रात्र त्यांनी स्वतःच्या बळावर काढली. उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाड्यांची वाट लावली. चौकीवरचे आपले दोन जवान या लढाईत गेले. चित्रपटात मात्र एकामागून एक अनेक नायक मरतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड पडद्यावर शहीद होतात. प्रत्यक्षात ते जिवंत होते. १९९७ साली देशभर लोक त्यांच्या मरणावर रडत असताना ते राजस्थानात आपल्या घरी होते, आणि वारले २०२२ च्या १९ डिसेंबरला, आपल्या मुक्तिदिनीच.

दिग्दर्शकाने असं का केलं हे मला समजतं. दोन माणसांच्या मरणावर तीन तासांचा शोक उभा राहत नाही. पण मग हेही समजून घ्यायला हवं, की आपण रडलो ते लढाईसाठी नव्हे, लढाईवरून रचलेल्या गोष्टीसाठी. १२० जणांनी रात्रभर रणगाडे अडवून ११८ जणांनी सकाळ पाहिली, हे सत्य माझ्या मते चित्रपटातल्या कुठल्याही बलिदानापेक्षा मोठं आहे. चांगल्या अधिकाऱ्याचं कौशल्य माणसं जगवण्यात असतं. तीच गोष्ट पडद्यावरून गळाली आणि आपल्याला तिची उणीवही भासली नाही.

डोळे भरून येण्याबद्दल. मी रडते. घरून आलेलं पत्र घडीवर घडी घालून खिशात ठेवणारा पोरगा पडद्यावर दिसला की मला आवरत नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण आपण गोव्यातली माणसं जत्रेतल्या नाटकांवर वाढलो आहोत. दशावतारी काल्यात तारामती स्मशानात उभी राहिली की मांडवातल्या बाया पदर डोळ्यांना लावतात, आणि सकाळी तोच तारामती झालेला पुरुष चहाच्या गाड्यावर भेटला की त्याला ‘काल बरं काम केलंस रे’ म्हणतात. अश्रू खरे असतात आणि ते कशाने आणले हेही पाहणाऱ्याला माहीत असतं. चित्रपटगृहात शिरताना ही जाण बाहेर का ठेवायची?

नाट्यशास्त्राने वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह सांगितला, रौद्राचा क्रोध आणि करुणाचा शोक. तिन्ही वेगळे ठेवले. आजचे बरेच युद्धपट मध्यंतरापूर्वी शोक जमवतात आणि नंतर तो क्रोधात ओततात. आधी पत्र, आईचा चेहरा, लग्न ठरलेली मुलगी. मग छावणी उडते, थिएटर दणाणून जातं, शिट्ट्या वाजतात. तो आवेश मीही अंगावर अनुभवला आहे, तो फार जोरकस असतो. पण ज्याच्या मरणावर शिट्टी वाजली त्याचं तोंडही कॅमेऱ्याने दाखवलेलं नसतं. त्याला ना पत्र, ना आई. हे ठरवून केलेलं असतं, आणि थिएटरमधून बाहेर पडताना आपल्या मनात उरतो तो बहुतेकदा क्रोध, ज्याला आपण देशप्रेम म्हणून घरी आणतो.

ज्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही त्यांचं काय? ज्या घरातून मुलगा गेला त्या घरातली बाई असले चित्रपट बघायला येतेच असं नाही. निवृत्त सैनिक तोफांचा आवाज सुरू झाला की बाहेर जाऊन उभा राहू शकतो. त्यांच्या रक्तात देश नाही, असं त्यांच्यासमोर म्हणायची आपली हिंमत आहे का? माणसाचं शरीर काय करतं यावरून त्याची निष्ठा ठरवायला गेलं की काय होतं हे आपण पणजीत पाहिलं आहे. २०१६ साली एका मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीत चालू असताना एक लेखक उठून उभे राहिले नाहीत म्हणून त्यांना मागून मारण्यात आलं. ते उठू शकत नव्हते. ते व्हीलचेअर वापरणारे अपंग गृहस्थ होते, आणि त्यांचे वडील हवाई दलातले. मारणाऱ्यांनाही आपण देशासाठीच काही करतो आहोत असं वाटलं असणार, हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

‘यात राजकारण नसतं’ याचं उत्तर लहान आहे. सैन्याच्या विषयावरचा चित्रपट असेल तर संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं मंत्रालयाने २०२० च्या जुलैमध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं. एखादा चित्रपट करमुक्त करायचा की नाही हे राज्य सरकार ठरवतं. प्रदर्शनासाठी २६ जानेवारी, १५ ऑगस्टचा आठवडा शोधला जातो. हे सगळं राजकारणच आहे, आणि ते असणं हा गुन्हाही नाही. मात्र त्याहून खोल राजकारण गोष्ट कुठून सुरू करायची यात असतं. आपलेच ते ३६ तास घ्या. गोष्ट पत्रादेवीच्या गोळीबारापासून सुरू केली तर ती मुक्तीची होते. १८ डिसेंबरच्या पहाटे, दाबोळीवर विमानं आली तिथून सुरू केली तर लिस्बनमधला प्रेक्षक ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’च्या खलाशांसाठी रडेल, आणि त्याचेही अश्रू खरेच असतील. पोर्तुगालमध्ये या घटनेला आक्रमण म्हणत आले आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. साडेचारशे वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवर बसलेल्याने आक्रमणाची तक्रार करू नये. पण माझं हे म्हणणं इतिहासावर उभं आहे, माझ्या रडण्यावर नव्हे. रडण्यावर उभं केलं असतं तर लिस्बनच्या माणसाशी वाद घालायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

शत्रूचं दुःख दाखवणं म्हणजे जवानांचा अपमान, हे जवानांना मात्र कधी वाटलेलं दिसत नाही. कारगिलमध्ये टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान लढता लढता मेला. (‘कर्नल’ हा त्याच्या नावाचाच भाग.) ज्यांच्या माणसांशी तो लढला त्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचा मृतदेह परत पाठवताना तो किती शौर्याने लढला हे लिहून चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवली. पुढे पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च किताब दिला. आपली माणसं गमावलेल्या भारतीय अधिकाऱ्याला शत्रूचं शौर्य लिहून ठेवावंसं वाटलं, आणि पॉपकॉर्न घेऊन बसलेल्या आपल्याला शत्रूला चेहरा दिला तरी राग येतो.

गोव्यातही असा एक माणूस होऊन गेला. गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरण जायचं नाही, सैनिक एकतर विजयी व्हावेत नाहीतर मरावेत. त्यांनी तो मानला नाही. १९ डिसेंबरला संध्याकाळी ते शरण आले. ३ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले आणि १९६२ च्या मे महिन्यात मायदेशी गेले. वासालो ई सिल्वांना मात्र सैन्यातून काढून टाकण्यात आलं. त्यांची सन्मानाने पुनःस्थापना झाली ती पोर्तुगालमध्ये १९७४ ची क्रांती झाल्यानंतर. ते आपल्यावर राज्य करणाऱ्या सत्तेचे प्रतिनिधी होते, यात शंका नाही. तरी त्यांनी हुकूम पाळला असता तर आज पणजी, जुनं गोवं, मुरगाव कसं दिसलं असतं आणि आपले किती जवान अधिक गेले असते, याचा विचार करा. गोवा मुक्तीवरच्या युद्धपटात या माणसाला खलनायक करून टाळ्या मिळतील. आपण मात्र त्या टाळ्या वाजवण्याआधी थांबायला हवं, कारण ही आपलीच गोष्ट आहे.

राहिला प्रश्न विचारण्याचा मुद्दा. कारगिलचं युद्ध २६ जुलै १९९९ ला संपलं. २९ जुलैला, म्हणजे तीन दिवसांत, वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घुसखोरी वेळेवर का कळली नाही, गुप्तवार्ता कुठे कमी पडली, पुढे काय बदलायला हवं, हे तिला विचारलं होतं. अहवाल काही महिन्यांत आला आणि २००० सालच्या फेब्रुवारीत संसदेत ठेवला गेला. ५२७ जवान गेलेल्या घरांचं सुतक सरलं नव्हतं तेव्हा हे प्रश्न देशाने स्वतःला विचारले. २०१५ साली ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ मागत माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले, तेव्हा प्रश्न विचारणारे तर सैनिकच होते. ज्या भावांनी, काकांनी हा मजकूर पाठवला त्यांनी मला एवढंच सांगावं, की यांतलं नेमकं कोण जवानांचा अपमान करत होतं.