टायरची जन्मतारीखही बघा

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी तपासा असं टायरच्या काळजीवरच्या एका लेखात वाचलं, ते बरोबरच. पण टायर थंड असताना तपासायची, हे त्यात राहिलं. हायवेवर तासभर पळवून पंपावर गेलात तर आकडा तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसतो आणि तिथला पोरगा उलट हवा काढून टाकतो! किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं. सरसकट ३५ मारून घेऊ नका.

दुसरं म्हणजे टायरचं वय. रनिंग कमी असलेल्या गाड्यांचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर तो कधी बनला याचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी छान दिसली तरी बाजूला बारीक चिरा असतील तर पावसाळ्याआधी बदला. नक्षीच्या खोलीची कायदेशीर मर्यादा १.६ मिमी, पण आंबोली-ताम्हिणीच्या पावसात मी तरी ३ मिमीच्या खाली भरवसा ठेवत नाही. स्टेपनीकडे तर कोणी बघतच नाही.

आणि टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन? साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळाला तर भरा.